कुत्र्याला पेढा द्यावा का?

अहिल्यानगर जिल्ह्यातला (पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) राहाता तालुका म्हणजे गोडाचा मुलूख. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जाणारा प्रवरानगरचा कारखाना याच तालुक्यात लोणीजवळ आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामात झाले. राहात्याचा पेरू बाजारात नावाने विकला जातो. आणि राहात्याहून चार-पाच किलोमीटरांवर शिर्डी! तिथे पेढ्यांची दुकाने किती आहेत, हे मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल.

अशा मुलखातला कुत्रा गोडापासून दूर राहील तरी कसा? ऊसतोडणीच्या टोळ्यांबरोबर आलेली कुत्री कोप्यांभोवती पडलेली उसाची कांडकी चघळताना दिसतात. शिर्डीच्या रस्त्यावर भाविक प्रसादाचा पेढा समोरच्या कुत्र्याला भक्तिभावाने देतात. चहाच्या टपरीवर तर ग्लुकोज बिस्किटाचा पुडा फोडला, की शेपट्या हलवीत दोन-चार कुत्री हजर होतातच.

मग घरातले कोणी तरी म्हणते, "अरे, कुत्र्याला गोड घालू नकोस, खरूज होईल." दुसरे म्हणते, "जंत होतील." तिसरे म्हणते, "आंधळा होईल." आणि चौथे म्हणते, "काही होत नाही, तोही जीवच आहे, खाऊ दे!" या चौघांत बरोबर कोण? उत्तर एका शब्दात देता येण्यासारखे नाही. त्यासाठी आपल्याला आधी कुत्र्याच्या जिभेवर आणि मग त्याच्या पोटात शिरावे लागेल.

कुत्र्याला गोडी कळते का?

कळते. आणि ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही, कारण मांजराला ती कळत नाही! जिभेवरच्या रुचिकलिकांमध्ये गोड पदार्थ ओळखणारा एक ग्राहक रेणू असतो. तो दोन प्रथिनांच्या जोडीने बनतो. फिलाडेल्फियाच्या मोनेल संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००५ साली असे दाखवून दिले, की मांजराच्या कुळात या जोडीतील एका प्रथिनाचे जनुक बिघडलेले आहे. घरचे मांजर, वाघ, चित्ता या सर्वांत हीच स्थिती आढळली. तुमची मनी बासुंदीच्या पातेल्यात तोंड घालते ती दुधातल्या स्निग्धांशासाठी. साखर घातली काय नि न घातली काय, तिला सारखेच.

कुत्र्यात मात्र हे जनुक शाबूत आहे. त्याच्या रुचिकलिका आपल्यापेक्षा पुष्कळच कमी, सुमारे १,७०० असतात. आपल्याला ९,००० च्या आसपास असतात. तरी गोड त्याला ओळखू येते आणि आवडतेही. कुत्र्याच्या भावकीतले इतर प्राणी पाहा. "कोल्हा काकडीला राजी" ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केलेली नाही. कोल्हा बोरे खातो, उसाच्या फडात शिरून ऊस चघळतो, आणि शेतकरी त्याच्या नावाने बोटे मोडतात. लांडगासुद्धा संधी मिळाली तर रानफळे खातो. पिकलेले फळ ओळखण्यासाठी गोडीचे ज्ञान हवेच. ते या कुळाने टिकवून ठेवले आहे.

पण आवडणे आणि मानवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दिवाळीच्या फराळानंतर तुम्हीही अनुभवले असेल!

घास तोंडात, काम पोटात

शाळेतला एक प्रयोग आठवा. ज्वारीच्या भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिले, की तो गोड लागू लागतो. आपल्या लाळेतले अमायलेज नावाचे विकर भाकरीतल्या पिष्टाचे तुकडे करून त्याची शर्करा बनवते, म्हणून ही गोडी येते. कुत्र्याच्या लाळेत हे काम करणारे अमायलेज जवळजवळ नसते. शिवाय तो चावत बसतच नाही. घास तोंडात पडला, की गिळून मोकळा होतो. त्याला भाकरीतली गोडी कळायला सवडच नसते.

मग भाकरी त्याला पचते कशी? त्याच्या स्वादुपिंडातून लहान आतड्यात येणाऱ्या अमायलेजमुळे. येथे एक मोठी मौजेची गोष्ट आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली कुत्र्यांची आणि लांडग्यांची जनुके ताडून पाहिली. लांडग्याच्या पेशीत या अमायलेजच्या जनुकाच्या बहुधा दोनच प्रती असतात. कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत प्रती आढळल्या! माणूस शेती करू लागला, धान्य खाऊ लागला, आणि त्याच्या उकिरड्यावर जगणाऱ्या कुत्र्यांपैकी ज्यांना पिष्टमय अन्न चांगले पचले, ती टिकली, वाढली. दारातल्या मोत्याला आपली भाकरी पचते, यामागे हा हजारो वर्षांचा सहवास आहे. साईबाबांच्या चरित्रात मशिदीतल्या भांड्यात ठेवलेल्या भिक्षेतून कुत्री-मांजरे खुशाल खात, असे वर्णन येते. ती भिक्षा मुख्यतः भाकर-कालवणाची असे; पेढ्यांची नव्हे.

आता साखरेकडे वळू. आपली नेहमीची साखर, म्हणजे सुक्रोज. तिच्या रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी असते. ही जोडी फोडणारे सुक्रेज नावाचे विकर मोठ्या कुत्र्याच्या आतड्यात असते. त्यामुळे थोडी साखर त्याला बिनतक्रार पचते. अगदी लहान पिलात मात्र हे विकर फार कमी असते. मोठ्या कुत्र्याच्या पोटातही एकदम ढीगभर साखर गेली, तर विकर अपुरे पडते. न पचलेली साखर आतड्यात तशीच पुढे सरकते, आणि मग काय होते?

कैरीच्या फोडींना साखर चोळून ठेवा. थोड्या वेळाने भांड्यात पाणी सुटलेले दिसेल. साखरेने फोडींतले पाणी बाहेर ओढून घेतले. हे परासरण. आतड्यात न पचलेली साखर नेमके हेच करते. शरीरातले पाणी ती आतड्याच्या पोकळीत ओढून घेते. त्यातच मोठ्या आतड्यातले जंतू त्या साखरेवर ताव मारून वायू आणि आम्ले तयार करतात. पोट फुगते, गुडगुडते आणि जुलाब होतात.

पेढ्यात आणखी एक भानगड आहे. तो खव्याचा. दूध आटवून खवा करताना दुधातली शर्करा, म्हणजे लॅक्टोज, आटून दाट होते. लॅक्टोज फोडणारे विकर पिलात भरपूर असते, पण आईचे दूध सुटल्यावर ते अनेक कुत्र्यांत कमी कमी होत जाते. त्यामुळे एखाद्या कुत्र्याला चार पेढे खाऊन जुलाब झाले, तर दोष वरून घातलेल्या साखरेचा, की दुधातल्या शर्करेचा, हे सांगणे अवघड असते. बहुधा दोघींचा!

(जाता जाता: पोळ्याच्या दिवशी बैलाला पोटभर पुरणपोळ्या चारणाऱ्यांनीही जरा जपावे. बैलाच्या पहिल्या पोटातले जंतू गूळ आणि शिजलेले पिष्ट यांचे झपाट्याने आम्ल बनवतात, आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी बैल आजारी पडतो. कुत्र्याचे पोट निराळे असल्यामुळे त्याच्यावर हा विशिष्ट प्रसंग येत नाही.)

मांस खाणाऱ्या कुत्र्याच्या रक्तात साखर कोठून येते?

कुत्र्याला गोड खायची गरज तरी आहे का? या प्रश्नाचे उत्तर एका फ्रेंच शास्त्रज्ञाने पावणेदोनशे वर्षांपूर्वी शोधले. क्लॉद बर्नार त्याचे नाव. त्या काळी अशी समजूत होती, की साखर फक्त वनस्पतीच बनवतात. प्राण्याच्या अंगात साखर दिसली तर ती त्याने खाल्लेल्या अन्नातूनच आलेली असणार. बर्नारने एका कुत्र्याला केवळ मांसावर ठेवले. मांसात साखर जवळजवळ नसतेच. तरीही १८४८ साली त्याला या कुत्र्याच्या यकृतातून निघणाऱ्या रक्तात साखर सापडली. अर्थ उघड होता. साखर यकृत बनवत होते. पुढे १८५७ साली त्याने यकृतात साठवलेला पदार्थ वेगळा काढला. त्याला आपण ग्लायकोजेन म्हणतो.

तेव्हा कुत्र्याच्या मेंदूला, स्नायूंना लागणारे ग्लुकोज त्याचे यकृत प्रथिनांपासून आणि साठवलेल्या ग्लायकोजेनपासून तयार करू शकते. निरोगी मोठ्या कुत्र्याने जन्मभर साखरेचा कण चाखला नाही, तरी त्याचे काही बिघडत नाही.

साखर आणि कुत्रा यांचा इतिहास येथेच थांबत नाही. १८८९ साली स्ट्रासबर्ग येथे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले. पचनावर काय परिणाम होतो, हे त्यांना पाहायचे होते. पण तो कुत्रा सारखी लघवी करू लागला. मिन्कोव्स्कीने ती तपासली, तर तिच्यात साखर! त्या लघवीवर माश्या घोंगावत होत्या म्हणून हा शोध लागला, अशी कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, मधुमेह्याच्या लघवीला मुंग्या लागतात हे आपल्या प्राचीन वैद्यांना ठाऊकच होते. मधुमेहाचे मूळ स्वादुपिंडात आहे, हे मात्र या कुत्र्यामुळे कळले.

नंतर १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांना स्वादुपिंडाचाच अर्क टोचून पाहिला. मार्जरी नावाची एक कुत्री त्या अर्कावर सुमारे ७० दिवस जगली. कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने अर्क शुद्ध केला आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड टॉम्प्सन या चौदा वर्षांच्या, मरणाच्या दारात पोचलेल्या मुलाला त्याने जीवदान मिळाले. हेच इन्शुलिन. आज जगात कोट्यवधी माणसे त्याच्या आधाराने जगतात. त्या कुत्र्यांना मात्र कोणी विचारले नव्हते, हेही लक्षात ठेवलेले बरे.

खरूज, जंत आणि आंधळेपणा

आता घरातल्या त्या तीन शंकांकडे येऊ.

खरूज साखरेने होत नाही. ती होते माइट नावाच्या, कोळ्याच्या भावकीतल्या, आठ पायांच्या सूक्ष्म जीवामुळे. हा जीव कातडीत बिळे करतो आणि एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातो. पेढा न खाणाऱ्या कुत्र्यालाही तो सोडत नाही. उपाय गूळ बंद करण्यात नाही. पशुवैद्याचे औषध देण्यात आहे.

जंतांचेही तसेच. कुत्र्याच्या पिलांत सर्रास आढळणारा गोल जंत आईच्या पोटात असतानाच पिलात शिरतो. पट्टकृमी पिसवांमधून येतो. अंग चावताना कुत्रा पिसू गिळतो, तिच्याबरोबर कृमीची अळीही गिळतो. गुळापासून जंत निर्माण होत नाहीत. मग ही समजूत पडली कशी? माझा तर्क असा, की गोड खाल्ल्याने जुलाब होतात, जुलाबाबरोबर पोटात आधीपासून असलेले जंत बाहेर पडतात, आणि पाहणारा म्हणतो, "बघा, गोडाने जंत झाले!" एकापाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टींत पहिलीला दुसरीचे कारण मानण्याची आपली खोड जुनीच आहे.

आंधळेपणाच्या समजुतीत मात्र सत्याचा एक कण आहे. कुत्र्याला मधुमेह होतो, आणि मधुमेह झालेल्या बहुसंख्य कुत्र्यांना पुढे मोतीबिंदू होतो. रक्तातले वाढलेले ग्लुकोज डोळ्याच्या भिंगात शिरते, तिथे त्याचे सॉर्बिटॉल बनते, आणि हे सॉर्बिटॉल पाणी ओढून घेते. पुन्हा आपले कैरीच्या फोडीचे तत्त्व, पण उलट्या दिशेने! भिंग फुगते, गढूळ होते आणि बिचाऱ्या मोत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो.

पण हा मधुमेह पेढे खाल्ल्याने होतो काय? तसे म्हणता येत नाही. कुत्र्याचा मधुमेह बहुधा इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट झाल्यामुळे होतो. काहींत स्वादुपिंडाचा दाह हे त्याचे कारण असते. नसबंदी न केलेल्या कुत्रीत माजानंतर काही संप्रेरके वाढतात, ती इन्शुलिनला दाद लागू देत नाहीत, म्हणूनही तो होतो. कुत्रा वारंवार पाणी पिऊ लागला, वारंवार लघवी करू लागला आणि भरपूर खाऊनही वाळू लागला, तर रक्त तपासून घ्यावे. अशा कुत्र्याला दिवसातून बहुधा दोनदा इन्शुलिन टोचावे लागते. डुकराचे इन्शुलिन आणि कुत्र्याचे इन्शुलिन हे रेणूच्या रचनेत अगदी एक आहे, त्यामुळे डुकराचे इन्शुलिन त्याला उत्तम चालते. अशा आजारी कुत्र्याला गोड देणे मात्र सरळ सरळ घातक.

"कुत्र्याला तूप पचत नाही" असेही आपल्याकडे म्हणतात. निरोगी कुत्र्याला स्निग्ध पदार्थ चांगले पचतात. पण सवय नसलेल्या कुत्र्याला सणाच्या दिवशी एकदम तुपाने थबथबलेले पदार्थ भरपूर घातले, तर स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो. ओकाऱ्या, पोटात कळा, पाठीची कमान, अन्नावरची वासना उडणे ही त्याची लक्षणे. जिवावर बेतणारा आजार आहे हा. बालूशाहीतल्या साखरेपेक्षा तिच्या तुपाची भीती मला अधिक वाटते.

दातांबद्दल थोडक्यात सांगतो. कुत्र्याला ४२ दात असतात. ते बहुतेक सुळक्यासारखे, टोकदार असल्यामुळे त्यांवर अन्न फारसे साचत नाही. त्याची लाळही आपल्यापेक्षा अल्कधर्मी असते. म्हणून आपल्यासारखी दातांची कीड कुत्र्यात क्वचित दिसते. मागच्या सपाट दाढांना ती लागू शकते. हिरड्यांचे रोग मात्र त्याला फार होतात.

एक पेढा म्हणजे किती?

येथे गणिताची वही काढा. सुमारे १५ किलो वजनाचा मध्यम, फिरता कुत्रा घेऊ. त्याला दिवसाला साधारण ८५० कॅलरी लागतात. (आहारातली कॅलरी म्हणजे भौतिकशास्त्रातली किलोकॅलरी, हे विसरू नका.) पशुवैद्य सांगतात, की खाऊतून मिळणाऱ्या कॅलरी एकूण गरजेच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ नयेत. म्हणजे ८५. आता पेढा. १०० ग्रॅम पेढ्यातून सुमारे ४०० कॅलरी मिळतात. २० ग्रॅमचा एक पेढा ८० कॅलरींचा. एकाच पेढ्यात या कुत्र्याचा दिवसाचा सगळा खाऊ संपला!

आता तेच गणित ५ किलोच्या लहान कुत्र्यासाठी करा. त्याची गरज सुमारे ३७५ कॅलरी. एक पेढा म्हणजे तिचा पाचवा हिस्सा. मुलाने एक पेढा उचलून कुत्र्याला दिला, वडिलांनी एक दिला, पाहुण्यांनी एक दिला. प्रत्येकाला वाटते, एकच तर दिला! लठ्ठ कुत्र्यांची सांधेदुखी आणि धाप या "एकच" मधून सुरू होते.

ग्लुकोज बिस्किटांचे गणित आणखी वेगळे. त्यांत साधारण चौथा हिस्सा साखर असते आणि प्रथिने शेकडा सहा-सात. मोठ्या कुत्र्याच्या कोरड्या आहारात निदान १८ टक्के प्रथिने हवीत. रस्त्यावरचा कुत्रा बिस्किटांनी पोट भरतो तेव्हा भूक भागते, पण अंग भरत नाही. त्या पुड्याच्या पैशात एक उकडलेले अंडे आले, तर ते त्याला कितीतरी अधिक उपयोगी. घरची भाकरी ताकात किंवा वरणात कुस्करून दिली तरी बिस्किटापेक्षा बरी. त्यात कांदा-लसूण मात्र नको. त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

पेरूची एखादी फोड द्यायला हरकत नाही. उसाचे लहान कांडके चघळू दिले तर रस फार जात नाही, पण कुत्रा चोथा थुंकत नाही, गिळतो. आणि तो चोथा आतड्यात अडकू शकतो. आंब्याची कोयही अशीच अडकते. रसाळीच्या दिवसांत कोयी उघड्या उकिरड्यावर टाकू नयेत त्या यासाठी.

खरे विष वेगळेच आहे

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, की साखर म्हणजे काही विष नव्हे. बरोबर. पण गोड पदार्थांत साखरेच्या सोबतीने येणाऱ्या तीन गोष्टी कुत्र्याला खरोखर मारू शकतात, आणि त्या आज खेड्यापाड्यांतल्या दुकानांतही मिळतात. या लेखातला हा भाग घरी मोठ्याने वाचून दाखवा.

पहिली गोष्ट चॉकलेट. कोकोमध्ये थिओब्रोमीन नावाचे द्रव्य असते. ते हृदयाला आणि मज्जासंस्थेला चेतवते. आपल्या शरीरात त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण सात-आठ तास लागतात, कुत्र्यात सुमारे साडेसतरा तास. म्हणजे रात्री आठ वाजता २०० मिलिग्रॅम पोटात गेले, तर दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता अजून १०० मिलिग्रॅम शिल्लक! शरीराच्या दर किलो वजनाला २० मिलिग्रॅम झाले, की ओकाऱ्या, जुलाब, अस्वस्थपणा सुरू होतो. ४० ते ६० च्या दरम्यान हृदयाचे ठोके बिघडतात. ६० च्या वर झटके येऊ शकतात. दुधाच्या चॉकलेटात दर ग्रॅमला सुमारे २ मिलिग्रॅम, काळ्या चॉकलेटात ५ किंवा त्याहून अधिक, आणि कोको पावडरीत २० च्या आसपास थिओब्रोमीन असते. तेव्हा १० किलोच्या कुत्र्याने दुधाच्या चॉकलेटची १०० ग्रॅमची वडी खाल्ली, तर तो नेमका धोक्याच्या उंबरठ्यावर येतो. ३० ग्रॅम कोको पावडर चाटली, तर उंबरठा ओलांडून घरात!

दुसरी गोष्ट बेदाणे आणि द्राक्षे. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातली द्राक्षे आणि सांगली-तासगावकडचे बेदाणे आपल्या अभिमानाचे विषय आहेत. पण कुत्र्याला त्यांनी मूत्रपिंडे निकामी होण्याचा आजार होऊ शकतो. पशुवैद्यांच्या हे ध्यानात आले ते या शतकाच्या आरंभी. कारण मात्र वीस वर्षे सापडत नव्हते. २०२१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. हे आम्ल द्राक्षात असते, आणि आपल्या चिंचेत तर फारच! चिंच खाल्लेल्या कुत्र्यांनाही तसाच आजार झाल्याची नोंद त्यानंतर प्रसिद्ध झाली आहे. किती बेदाणे खाल्ले तर चालतील, असे सांगता येत नाही. एखादा कुत्रा मूठभर पचवतो, एखादा थोडक्यानेच आजारी पडतो. शिरा, खीर, लाडू, केक यांतून बेदाणे वेचून मग कुत्र्याला देण्यापेक्षा न देणेच सोपे.

तिसरी गोष्ट सर्वांत कपटी. "साखरमुक्त" असे लिहिलेल्या काही च्युइंग गमांत, गोळ्यांत आणि टूथपेस्टांत झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. तो आपल्याला निरुपद्रवी, दातांना तर उपकारकच. गंमत अशी, की उसाच्या बगॅसपासूनही तो तयार करता येतो. म्हणजे हादेखील आपल्या साखरेच्या मुलखातलाच! पण कुत्र्याचे स्वादुपिंड याला फसते. झायलिटॉल रक्तात आले, की ते ग्लुकोज आले असे समजून इन्शुलिनचा लोंढा सोडते, आणि तोही तेवढ्याच ग्लुकोजने सुटला असता त्याच्या कितीतरी पट. खरे ग्लुकोज तर आलेलेच नसते. मग इन्शुलिन रक्तात होते नव्हते ते ग्लुकोज पेशींत ढकलते. अर्ध्या-एक तासात कुत्रा ओकतो, झोकांड्या खातो, कोसळतो, त्याला झटके येतात. दर किलो वजनाला ०.१ ग्रॅम एवढे झायलिटॉल यासाठी पुरे, ०.५ ग्रॅमच्या वर यकृत निकामी होऊ शकते. काही गमांच्या एकेका गोळीत ते १ ग्रॅमपर्यंत असू शकते. १० किलोच्या कुत्र्याला एक गोळी! मधुमेह असलेल्या आजोबांच्या उशाशी ठेवलेली "साखर नसलेली" गोळी कुत्र्याला साखरेपेक्षा सुरक्षित असेल, असे कोणालाही वाटेल. नेमके तेथेच फसायला होते.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वर्गातल्या मुलांना गोळ्या, गम, बिस्किटे, टूथपेस्ट यांची रिकामी वेष्टने गोळा करायला सांगा. घटकांच्या यादीत झायलिटॉल हे नाव किंवा ९६७ हा क्रमांक कोठे सापडतो, ते शोधू द्या. सॉर्बिटॉलचा क्रमांक ४२०, ॲस्पार्टेमचा ९५१, सुक्रालोजचा ९५५. हे तिन्ही कुत्र्याच्या इन्शुलिनचा असा घोटाळा करीत नाहीत. सॉर्बिटॉलने फार तर जुलाब होतील. नावे सारखी दिसतात, तळाच्या बारीक अक्षरांत दडलेली असतात, म्हणून क्रमांक पाहायची सवय बरी.

कुत्र्याने यांपैकी काही खाल्ले तर लक्षणांची वाट पाहत बसू नका. वेष्टन आणि उरलेला तुकडा बरोबर घ्या, कुत्र्याचे अंदाजे वजन आणि खाल्ल्याची वेळ लिहून घ्या आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. ओकारी व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजू नका. त्या मिठानेच कुत्रे दगावू शकते. मुंबईत परळला १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि त्याच्याशी जोडलेल्या जुन्या रुग्णालयाला बाई साकरबाई पेटिट यांचे नाव आहे. साकर म्हणजे गुजरातीत साखर! पण राहात्याच्या माणसाने मुंबईला धावायचे कारण नाही. अशा वेळी जवळचा पशुवैद्यच कामाचा.

आणि शेवटी साखरेची बाजू. एक प्रसंग असा आहे, की तेथे साखर हेच औषध. अगदी लहान, दुबळे पिलू थंडीत उपाशी राहिले, की त्याच्या इवल्याशा यकृतातला ग्लायकोजेनचा साठा संपतो. रक्तातले ग्लुकोज घसरते. पिलू गार पडते, थरथरते, मान टाकते. थंडीच्या दिवसांत उसाच्या फडाच्या कडेला एखादी कुत्री व्यालेली असेल, तर असे पिलू तुम्हाला सापडू शकते. त्याला आधी गोणपाटात किंवा जुन्या सुती कपड्यात गुंडाळून ऊब द्या. मग साखरेचे दाट पाणी किंवा ग्लुकोज बोटावर घेऊन त्याच्या हिरड्यांना चोळा. चमच्याने तोंडात ओतू नका. गिळायची शुद्ध नसेल तर ते श्वासनलिकेत जाईल. चोळलेले थोडे थोडे आत जाते. पिलू मान उचलू लागले, की त्याला आईच्या कुशीत ठेवा, आणि आई सापडत नसेल तर तसेच कपड्यात गुंडाळून पशुवैद्याकडे न्या.